आधी नोंद, मग आजार : कोहोर्ट अभ्यास समजून घेताना

१९५१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमधल्या जवळपास साठ हजार डॉक्टरांच्या नावे एक पत्र निघालं. सोबत छोटीशी प्रश्नावली होती. तुम्ही धूम्रपान करता का? पूर्वी करत होतात आणि आता सोडलंय का? करत असाल तर दिवसाला किती, आणि सिगारेट की पाइप? चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरं भरून परत पाठवली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी ती नीट लावून ठेवली आणि मग ते वाट पाहू लागले. कशाची? स्पष्टच सांगायचं तर, या डॉक्टरांपैकी कोण कधी आणि कशाने मरतो याची.

वाचायला हे कठोर वाटेल. पण या पद्धतीचं सगळं बळ त्या वाट पाहण्यात आहे. ज्या दिवशी प्रश्नावली भरली गेली, त्या दिवशी उत्तर देणाऱ्याला आपलं पुढे काय होणार हे माहीत नव्हतं आणि विचारणाऱ्यालाही नव्हतं. नोंद आधी झाली, आजार नंतर आला. वैद्यकातल्या कितीतरी वादांचा निकाल या एका साध्या क्रमावर लागलेला आहे.

अशा अभ्यासाला कोहोर्ट अभ्यास म्हणतात. 'कोहोर्ट' हा शब्द मुळात रोमन सैन्यातला. लिजन नावाच्या मोठ्या दलाचे दहा भाग पाडत, त्यातला एक भाग म्हणजे कोहोर्ट. मराठीत 'तुकडी' म्हटलं की अर्थ नेमका पोचतो. शाळेतली एका वर्षीची तुकडी एकत्र सुरुवात करते, पुढे प्रत्येकाची वाट वेगळी होते, आणि वीस-तीस वर्षांनी कोण कुठे पोचलं हे पाहता येतं. साथरोगशास्त्रात हा शब्द १९३० च्या दशकात वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणला. क्षयरोगाचे मृत्यू मोजताना त्यांनी एकाच दशकात जन्मलेल्या माणसांची तुकडी धरली आणि ती वयाने मोठी होत जाताना तिच्यातला मृत्युदर कसा बदलतो ते पाहिलं.

पद्धत सांगायला सोपी आहे. ज्या आजाराबद्दल शोध घ्यायचा, तो आजार अजून झालेला नाही अशी माणसं निवडायची. त्यांच्यापैकी कोण धूम्रपान करतं, कोणाचा रक्तदाब किती, कोण कोणत्या धुळीत काम करतं, कोणती गोळी घेतं, हे सगळं सुरुवातीलाच लिहून ठेवायचं. मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवायचा. शेवटी पाहायचं की ज्यांच्यात ती गोष्ट होती त्यांना आजार किती प्रमाणात झाला आणि ज्यांच्यात नव्हती त्यांना किती. संशोधक यात कोणालाही काही करायला सांगत नाही आणि कोणाला औषध देत नाही. तो फक्त पाहतो, मोजतो आणि लिहितो.

मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. आजारी माणसांनाच गाठून 'तुम्ही आधी काय करत होतात' असं विचारलं तर काम लवकर होणार नाही का? होतं, आणि तीही एक मान्य पद्धत आहे. रुग्ण घ्यायचे, त्यांच्यासारखेच पण तो आजार नसलेले लोक घ्यायचे आणि दोघांचा भूतकाळ ताडून पाहायचा. डॉल आणि हिल यांनी डॉक्टरांना पत्रं पाठवण्याआधी नेमकं हेच केलं होतं. लंडनमधल्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि इतर रुग्णांना त्यांच्या सिगारेटच्या सवयी विचारल्या होत्या. १९५० साली तो अभ्यास छापून आला. त्या निष्कर्षांमुळे खुद्द डॉल यांनी सिगारेट सोडली.

आजार अगदी दुर्मीळ असेल तर हीच पद्धत कामी येते. १९७१ मध्ये अमेरिकेत तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अतिशय विरळा कर्करोग आढळला, तेव्हा रुग्ण होत्या फक्त ८. त्यातल्या सात जणींच्या आईने गरोदरपणात डीईएस नावाचं संप्रेरकाचं औषध घेतलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या ३२ जणींपैकी एकीच्याही आईने ते घेतलं नव्हतं. इतका विरळा आजार पकडायला कोहोर्ट उभारायचा म्हटलं असतं तर लाखो मुलींचा माग ठेवावा लागला असता.

पण भूतकाळ विचारण्यात एक अडचण आहे, आणि ती माणसाच्या स्वभावातली आहे. आजार झाल्यावर माणूस कारण शोधू लागतो. मी काय चुकलो, काय खाल्लं, कुठे गेलो, हे तो मनात पुन्हा पुन्हा उगाळतो. त्यामुळे आजारी माणसाला जुन्या गोष्टी जास्त आठवतात आणि धडधाकट माणसाला कमी. दोघंही खोटं बोलत नसतात. तरीही आकड्यांत फरक दिसू लागतो, आणि तो आजाराच्या कारणाचा नसून आठवणीचा असतो. पश्चातबुद्धीने भरलेल्या उत्तरांवर शास्त्र उभं करणं कठीण. १९५० च्या अभ्यासावर असेच आक्षेप घेतले गेले, आणि त्यांना उत्तर द्यायचं तर काळाच्या सुरुवातीच्या टोकाला जाऊन उभं राहणं भाग होतं.

डॉक्टरांची निवडही विचारपूर्वक होती. त्यांची नावं वैद्यकीय नोंदवहीत असत, त्यामुळे माणूस कुठे गेला आणि जिवंत आहे की नाही हे कळत राही. प्रश्नावली ते समजून भरत. आणि मृत्यूचं कारण नीट नोंदलेलं असण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त होती. पहिला अहवाल १९५४ मध्ये आला. तोवर फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू होते अवघे ३६, आणि त्यात धूम्रपान न करणारा एकही नव्हता. जितकी तंबाखू जास्त, तितका मृत्युदर जास्त.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, आकडे आणखी पक्के झाले. धूम्रपान न करणाऱ्या दर हजार डॉक्टरांमागे वर्षाला ०.०७ मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने होत होते. भरपूर धूम्रपान करणाऱ्यांत तोच आकडा १.६६ होता. इथे थोडं थांबायला हवं, कारण कोहोर्ट अभ्यासाची खरी कमाई या दोन आकड्यांत आहे.

एकाला दुसऱ्याने भागलं तर उत्तर साधारण २४ येतं. म्हणजे भरपूर धूम्रपान करणाऱ्याचा धोका न करणाऱ्याच्या चोवीस पट. याला सापेक्ष जोखीम म्हणतात. ती जितकी मोठी, तितकी कार्यकारणाची शंका बळावते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं एकदा म्हणता येतं. चोवीसपट वेळा तसं म्हणता येत नाही.

आता भागाकाराऐवजी वजाबाकी करा. १.६६ वजा ०.०७ म्हणजे १.५९. हजार माणसांमागे वर्षाला जेमतेम दीड-दोन जादा मृत्यू. हा निरपेक्ष जोखमीतला फरक, म्हणजे प्रत्यक्षात किती माणसांचं नुकसान होतं त्याचा हिशोब. चोवीस पट ऐकून धस्स होतं, हजारात दीड ऐकून काहीच वाटत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत आणि एकाच तक्त्यातून आलेले आहेत. कारण शोधणाऱ्याला पहिला आकडा हवा असतो. सार्वजनिक आरोग्याचं नियोजन करणाऱ्याला दुसरा हवा असतो, कारण हजारात दीड म्हणजे दहा लाखांत दीड हजार, तेही दरवर्षी. आरोग्याच्या बातम्यांत बहुतेक वेळा फक्त पट सांगितली जाते आणि मूळ आकडा गाळला जातो. 'धोका दुप्पट' हे लाखात एकाचे दोन झाल्यावरही खरं असतं आणि दहात एकाचे दोन झाल्यावरही. ही काटछाट मला फार खटकते, कारण वाचणारा माणूस त्यावरून आपल्या औषधाचा किंवा सवयीचा निर्णय घेत असतो.

रुग्णांपासून मागे जाणाऱ्या अभ्यासात ही वजाबाकी सरळ करता येत नाही, कारण तिथे किती रुग्ण घ्यायचे हे संशोधकानेच ठरवलेलं असतं. शंभर निरोगी माणसांपैकी किती जण आजारी पडतील, हे सांगायला शंभर निरोगी माणसांपासूनच सुरुवात करावी लागते.

मोजणीतली आणखी एक गोष्ट. सगळे लोक सारखाच काळ अभ्यासात राहत नाहीत. कोणी दोन वर्षांत दगावतो, कोणी परदेशी जातो, कोणी तीस वर्षं टिकतो. म्हणून माणसं मोजण्याऐवजी 'व्यक्ती-वर्षं' मोजतात. एक माणूस दहा वर्षं, किंवा दहा माणसं एकेक वर्ष, दोन्हींची दहा व्यक्ती-वर्षंच. आजार किती झाले याला व्यक्ती-वर्षांनी भागलं की खरा वेग हाती येतो.

या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं नाव मात्र अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचं आहे. १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० असा नोंदला गेला होता. आज एवढा आकडा पाहून कोणताही डॉक्टर हादरेल. पण त्या काळी वयाबरोबर रक्तदाब चढायचाच, किंबहुना अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला तो चढलेलाच बरा, असं मानणारे डॉक्टर कमी नव्हते. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातला 'इसेन्शियल', म्हणजे 'आवश्यक', हा शब्द अनेकदा त्याच समजुतीशी जोडला जातो.

१९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी रक्तदाब, वजन, रक्त, हृदयाचा आलेख आणि सवयींची चौकशी. हृदयविकार झालेल्यांत आधीपासून काय वेगळं होतं, एवढाच प्रश्न. दहा-बारा वर्षांत चित्र स्पष्ट होत गेलं. वाढलेला रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि सिगारेट असलेल्यांना हृदयविकार जास्त होत होता. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लेखात जोखमीच्या घटकांची भाषा वापरली, आणि 'रिस्क फॅक्टर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी रुळला. आज छातीत काहीही दुखत नसताना डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि आकडा जास्त निघाला तर गोळी सुरू करतात. 'दुखत नाही, मग औषध कशाला' या प्रश्नाचं उत्तर त्या पाच हजार माणसांनी दिलेलं आहे. १९७१ मध्ये त्यांच्या मुलांची तुकडी सुरू झाली आणि २००२ मध्ये नातवंडांची.

एका गावाच्या अभ्यासाची मर्यादाही तिथेच होती. मूळ तुकडीतले जवळजवळ सगळे लोक गोरे होते. त्यांच्यावरून काढलेलं जोखमीचं गणित दुसऱ्या लोकसमूहाला जसंच्या तसं लावलं तर ते कुठे जास्त येतं, कुठे कमी. फ्रॅमिंगहॅममध्येच १९९४ पासून इतर वंशांच्या रहिवाशांची वेगळी तुकडी घेतली गेली ती यामुळेच.

इथवर वाचून वाटेल की कोहोर्ट म्हणजे पुढची तीस वर्षं बसून राहणं. नेहमी तसं नसतं. जुनी नोंद कोणीतरी आधीच करून ठेवलेली असेल तर काळ उलटा वापरता येतो. डॉल यांनीच १९५५ मध्ये एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या जुन्या नोंदी काढल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्या धुळीत काम केलेले ११३ पुरुष सापडले. सर्वसाधारण लोकांच्या दराने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा जेमतेम एक मृत्यू अपेक्षित होता, हिशोब ०.८ चा होता. प्रत्यक्षात ११ झाले होते. या प्रकाराला पूर्वलक्षी कोहोर्ट म्हणतात. संशोधक आज बसून मागचं पाहतो, पण तो कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसतो. हजेरीपट आजाराच्या आधीच लिहिला गेलेला असतो, म्हणून क्रम शाबूत राहतो.

देशभराच्या नोंदी एकमेकींना जोडता आल्या तर केवढी ताकद येते ते डेन्मार्कने दाखवलं. तिथे प्रत्येक नागरिकाला १९६८ पासून एक क्रमांक आहे आणि लसीकरण, निदान, जन्म-मृत्यू हे सगळं त्या क्रमांकाने जोडता येतं. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीमुळे स्वमग्नता होते, अशी भीती पसरली होती. तेव्हा तिथल्या संशोधकांनी १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या. सुमारे ८२ टक्के मुलांना लस मिळाली होती, बाकीच्यांना नाही. दोन्ही गटांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच निघालं. हा अभ्यास २००२ चा. २०१९ मध्ये त्यांनी ६,५७,४६१ मुलांवर तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि उत्तर तेच आलं. आईवडिलांच्या मनातल्या भीतीला आकड्यांनी उत्तर द्यायचं तर असं द्यावं लागतं. बहुतेक मुलांना लस मिळते आणि काही मुलांत स्वमग्नता साधारण त्याच वयात लक्षात येते. फक्त लस दिलेल्या मुलांकडे पाहत राहिलं तर कावळा आणि फांदी एकत्रच दिसणार. लस न दिलेल्या मुलांच्या झाडावरही तितक्याच फांद्या मोडतात, हे दाखवायला ती मुलंही मोजावी लागतात.

काही प्रश्न असे असतात की त्यांवर प्रयोग करणं माणुसकीला धरून होणारच नाही. हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्यांची तुकडी त्यातली. सुमारे १,२०,००० लोकांचा माग १९५० पासून ठेवला जातो आहे; त्यात स्फोटाच्या वेळी शहरात नसलेलेही आहेत, तुलनेसाठी. रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला. इतर अवयवांचे कर्करोग मात्र दशकांनंतर वाढताना दिसले आणि तो परिणाम आयुष्यभर टिकला. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याने किती किरणोत्सर्ग सोसणं चालेल याची आजची मर्यादा मोठ्या प्रमाणात या लोकांच्या आयुष्यांवरून ठरलेली आहे. त्या तक्त्यांकडे नुसते आकडे म्हणून पाहणं मला जमत नाही.

जन्मापासून सुरू होणाऱ्या तुकड्याही आहेत. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांचा पाठपुरावा आयुष्यभर चालू राहिला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांची तुकडी आहे. ती ४५ वर्षांची झाली तेव्हाही हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक तपासणीला आले. परदेशी गेलेल्यांना प्रवासखर्च देऊन बोलावलं जातं. एवढा आटापिटा का, याचं उत्तर साधं आहे. गळून जाणारी माणसं सरसकट गळत नाहीत. जो आजारी आहे, व्यसनात अडकला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, तोच बहुधा फोन उचलत नाही. तुकडीतून असे लोक निसटले की उरलेले सगळे सुखरूप दिसतात, आणि अभ्यास सांगतो की फारसं काही बिघडलेलं नाही.

अशीच गाळणी सुरुवातीलाही लागते. २००६ ते २०१० दरम्यान ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांना घेऊन उभी राहिलेली यूके बायोबँक ही आजच्या सर्वांत मोठ्या तुकड्यांपैकी एक आहे. पण निमंत्रण दिलेल्यांपैकी फक्त ५.५ टक्के लोक आले. जे आले ते सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा कमी धूम्रपान करणारे आणि अधिक निरोगी निघाले. त्यामुळे देशात एखादा आजार किती आहे हे त्या आकड्यांवरून सांगू नये. पाच लाखांच्या आत दोन गटांची आपसांत तुलना मात्र अनेकदा उपयोगी पडते. कामगारांच्या अभ्यासातही हे जपावं लागतं. जो कामाला जाऊ शकतो तो मुळातच धट्टाकट्टा असतो, म्हणून घातक कारखान्यातला मजूरही शहरातल्या सरासरी माणसापेक्षा निरोगी भासू शकतो.

आता सगळ्यात अवघड जागा. कोहोर्टमध्ये कोण काय करणार हे संशोधक ठरवत नाही, माणसं स्वतः ठरवतात, आणि ती उगाच ठरवत नाहीत. जो रोज व्यायाम करतो तो बहुधा सिगारेटही कमी ओढतो, वेळेवर झोपतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग तो जास्त जगला तर श्रेय कशाला द्यायचं? व्यायाम आणि आयुष्य या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या या तिसऱ्या गोष्टीला गोंधळ घालणारा घटक म्हणतात. तो मोजलेला असेल तर गणिताने वेगळा काढता येतो: धूम्रपान न करणाऱ्यांची तुलना धूम्रपान न करणाऱ्यांशीच, पन्नाशीतल्यांची पन्नाशीतल्यांशीच. पण जो घटक कोणी मोजलाच नाही, तो कसा वजा करणार?

याचा धडा वैद्यकाने मोठी किंमत देऊन घेतला. अमेरिकेत १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम पाहण्यासाठी तो उभारला होता, पुढे आहारापासून कर्करोगापर्यंत सगळ्याला तो पुरला. १९९१ मध्ये त्यातून निष्कर्ष आला की पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका न घेणाऱ्यांच्या मानाने जवळपास निम्मा आहे. इतर अभ्यासही तेच सांगत होते. हृदय जपण्यासाठी म्हणून लाखो स्त्रियांना ही संप्रेरकं लिहून दिली गेली.

मग चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी मोठी चाचणी झाली. १६,६०८ स्त्रियांपैकी कोणाला खरी गोळी आणि कोणाला साखरेची, हे नशिबाने ठरलं; कोणाच्या सवयीने वा ऐपतीने नाही. सरासरी ५.२ वर्षांनी, २००२ मध्ये, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देणारा हा भाग वेळेआधीच थांबवावा लागला. हृदयविकार कमी होण्याऐवजी २९ टक्के जास्त झाला होता. निरपेक्ष भाषेत सांगायचं तर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ घटना जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, स्तनांच्या कर्करोगाच्या ८ जास्त. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचं हाड मोडणं मात्र थोडं कमी.

दोन अभ्यासांत एवढी तफावत कशी? पहिलं उत्तर लगेच सुचतं: आपणहून संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रिया आधीच सुस्थितीतल्या आणि आरोग्याबद्दल जागरूक होत्या. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. परिचारिकांपैकी बहुतेकींनी पाळी गेल्यावर लवकरच गोळ्या सुरू केल्या होत्या. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय मात्र ६३ होतं. शिवाय परिचारिकांना दर दोन वर्षांनी विचारलं जाई. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच जिला त्रास झाला, तिची गणना पुढच्या प्रश्नावलीत 'सध्या घेणारी' अशी होतच नसे. म्हणजे घेणाऱ्यांच्या गटात पहिला धक्का पचवलेल्याच उरत होत्या. २००८ मध्ये संशोधकांनी परिचारिकांचीच माहिती पुन्हा घेतली आणि समोर चाचणी चालू आहे असं समजून, गोळी सुरू केल्याच्या क्षणापासून प्रत्येकीचं घड्याळ लावलं. तेव्हा बरीचशी तफावत मिटली. माहितीत तितका दोष नव्हता. घड्याळ कधी सुरू करायचं यात होता.

घड्याळाची ही चूक फार फसवी असते. २००१ मध्ये छापून आलं की ऑस्कर मिळालेले कलाकार न मिळालेल्यांपेक्षा ३.९ वर्षं जास्त जगतात. पण ऑस्कर मिळेपर्यंत जिवंत राहणं ही तर पूर्वअटच आहे! साठाव्या वर्षी पुरस्कार मिळालेल्याची आधीची साठ वर्षं पुरस्काराच्या खात्यात जमा झाली होती. २००६ मध्ये हिशोब नीट केल्यावर फरक साधारण वर्षभरावर आला आणि तोही योगायोगापलीकडचा आहे असं म्हणता येईना. 'पाच वर्षं नियमित हे औषध घेणारे जास्त जगले' असं वाचलं की मी हेच तपासतो: ती पाच वर्षं जगले म्हणूनच तर ते त्या गटात आले नाहीत ना?

मग थेट चाचणीच का करू नये? कारण कोणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला किंवा ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राहायला लावता येत नाही. बालपणीच्या दारिद्र्याची चिठ्ठी टाकता येत नाही. आणि ज्या आजाराला उगवायला तीस वर्षं लागतात, त्याची चाचणी पाच वर्षांत आटपत नाही.

'फक्त पाहणं' हेही निष्पाप असतंच असं नाही. १९३२ मध्ये अलाबामातल्या मेकन काउंटीत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा पाठपुरावा सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश होता. तो न उपचारता कसा वाढतो हे पाहायचं होतं. त्यांना आजाराचं नावही धड सांगितलं नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलीनने हा आजार बरा होऊ लागला, तरीही या माणसांना ते दिलं नाही. १९७२ मध्ये बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं. ज्याच्या आयुष्याची आपण नोंद घेतो त्याला खरं सांगणं, त्याची संमती घेणं, आणि इलाज हाती आला की तो देणं, हे नियम आज कागदावर आहेत. ते त्या माणसांनी सोसलेल्या यातनांतून आलेले आहेत.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या त्या जुन्या तुकडीचं पुढे काय झालं? पत्रं जात राहिली. १९५७, १९६६, १९७१, १९७८, १९९१ आणि शेवटी २००१. दर वेळी तोच साधा प्रश्न: अजून ओढता का, कधी सोडली? ३४,४३९ पुरुष डॉक्टरांपैकी तोवर पंचवीस हजारांहून अधिक जण वारले होते. जून २००४ मध्ये, पहिल्या अहवालाला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, अखेरचा अहवाल छापला गेला. हिल हयात नव्हते. डॉल ९१ वर्षांचे होते आणि लेखकांत त्यांचं नाव पहिलं होतं. सिगारेट शेवटपर्यंत न सोडणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले होते. पण अनेकांनी अभ्यास चालू असताना, वेगवेगळ्या वयांत, सिगारेट सोडली होती आणि तसं पत्रात कळवलंही होतं. त्यामुळे आणखी एक हिशोब करता आला. साठीत सोडणाऱ्याला सुमारे ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्याला ६, चाळिशीत सोडणाऱ्याला ९, आणि तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी दहा.